छाया म्हणजे कांतीसुद्धा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचा फोटो काढवून आणला. कशासाठी, ते उपवर मुली असलेल्या घरांना सांगायला नको! फोटो पाहून मी ताईला म्हटले, "फोटो झकास आहे, पण ही मुलगी कोण?" स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर आमच्या सावळ्या पोरीला जणू तांदळाच्या पिठीत घोळून काढले होते.

"सगळे असंच करतात," ताई म्हणाली. भाची काहीच बोलली नाही. कलाशाळेत शिकणाऱ्या त्या मुलीने रात्री माझ्यापुढे एक पुस्तक ठेवले. "मामा, हे बघ."

पुस्तक विविआन सासेन या डच छायाचित्रकर्तीचे होते. सासेनबाईंचा जन्म १९७२ साली अ‍ॅम्स्टरडॅमला झाला. वडील डॉक्टर, त्यांच्या कामामुळे बालपणीची काही वर्षे केनियात गेली. बाईंनी आधी वेषरचनेचे शिक्षण घेतले, मग छायाचित्रणाचे. म्यु म्युसारख्या बड्या पेढ्यांच्या कपड्यांच्या जाहिराती त्या करतात, आणि कलासंग्रहालयेही त्यांची चित्रे मानाने भिंतीवर लावतात. २००७ साली त्यांना हॉलंडचे 'प्री द रोम' हे पारितोषिक मिळाले.

आफ्रिकेत काढलेली त्यांची चित्रे पाहून मी थबकलो. रणरणते ऊन, भडक रंगाचे कापड, माणसाची डौलदार ठेवण, आणि चेहरा मात्र गडद सावलीत! आपला फोटोवाला अशा वेळी दिवे लावून सावली पळवून लावतो. ही बाई तिलाच जवळ बसवते, अगदी जाहिरातीतसुद्धा. २०१४ साली रॉटरडॅमला भरलेल्या प्रदर्शनाचे नावच 'उम्ब्रा', म्हणजे लॅटिनमध्ये सावली.

तरी मनात एक शंका आलीच. युरोपातल्या बाईने आफ्रिकेतल्या माणसांचे चेहरे झाकावेत, हा कुठला न्याय? हा आक्षेप टीकाकारांनीही घेतला आहे. मी तसे म्हणताच भाची म्हणाली, "मलाही ते खटकतं, मामा. पण ती सावली निदान उन्हानं पाडलीय. माझ्या तोंडाला फासलंय ते कुणी?"

पंचवीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाजवळ उत्तर नव्हते. मी आपला कोश उघडला. फोटोग्राफी म्हणजे प्रकाशाने रेखाटणे. आपण मात्र शब्द घेतला छायाचित्र. आणि संस्कृतात छाया म्हणजे सावली, प्रतिबिंब आणि कांतीसुद्धा! ज्या भाषेने सावली आणि कांती एकाच शब्दात नांदवली, त्या भाषेच्या लेकीला उजळ करायला आम्ही पैसे मोजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत भाचीचा साधा फोटो काढला. अर्ध्या गालावर कठड्याची सावली पडली आहे. डोळे मात्र तिचेच आहेत.

ताईने स्थळांकडे कोणता फोटो पाठवला, ते विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.