रामनगरची रामलीला : रचनाकार राजाचा वारसा

वाराणसीसमोर गंगेच्या पैलतीरावर वसलेल्या रामनगरात दरवर्षी अनंत चतुर्दशीला रामलीलेचा प्रारंभ होतो. उत्तर भारतात इतरत्र बहुतेक ठिकाणी ही लीला दहा-बारा दिवसांत संपते. येथे ती ३१ दिवस चालते. युनेस्कोने २००८ मध्ये रामलीलेचा समावेश मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्या परंपरेत रामनगरचे स्थान अग्रगण्य मानले जाते.

नगर हाच रंगमंच

या लीलेची सुरुवात काशीनरेश उदितनारायण सिंह यांच्या काळात, १८३० च्या सुमारास झाली, असे सामान्यतः मानतात. तिला आजचे रूप मिळाले ते त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या ईश्वरीप्रसाद नारायण सिंह (कारकीर्द १८३५ ते १८८९) यांच्यामुळे. त्यांनी रामनगरातच अयोध्या, जनकपूर, पंचवटी आणि लंका यांची स्थळे निश्चित केली. कथा पुढे सरकते तसे प्रेक्षकही पात्रांच्या मागोमाग एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी चालत जातात. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत. पेट्रोमॅक्स आणि मशाली यांच्या उजेडात सर्व प्रसंग होतात.

पोथी आणि व्यास

रामायणी मंडळी तुलसीदासांच्या रामचरितमानसाचे पठण करतात. पठण थांबले की 'चुप रहो, सावधान' अशी हाक येते आणि पात्रे संवाद बोलू लागतात. हे संवाद ईश्वरीप्रसाद यांच्या पुढाकाराने सिद्ध झाले. त्या कामी काष्ठजिह्वा स्वामी, रीवानरेश रघुराज सिंह आणि भारतेंदु हरिश्चंद्र यांचे साहाय्य झाल्याचे परंपरा सांगते. हाती पोथी घेतलेले व्यास पात्रांजवळ उभे राहून प्रत्येक शब्दावर लक्ष ठेवतात. कोकणातील दशावतारात नट आयत्या वेळी संवाद रचतो. येथे तशी मुभा नाही.

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेक भूमिका घेतात आणि एक जण नियमपुस्तकाच्या आधारे कथेचे सूत्र सांभाळतो. संगणकावरील असंख्य भूमिकाखेळांचा उगम त्यात आहे. नकाशा, भूमिका, पोथी आणि सूत्रधार ही अंगे रामनगरात त्याच्या शतकभर आधीच एकत्र आली होती. मात्र त्या खेळात पुढचा प्रसंग फाशांवर आणि खेळाडूच्या निवडीवर ठरतो. लीलेचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, तरी लोक तो अनुभवायला दरवर्षी येतात.

राजाचीही भूमिका

काशीनरेश हे शिवाचे प्रतिनिधी मानले जातात, म्हणून ते हत्तीवरून येताच 'हर हर महादेव'चा घोष होतो. विजयादशमीला ते लंकेच्या मैदानापर्यंत येतात, पण रावणवधाआधी परततात. एका राजाने दुसऱ्या राजाचा वध पाहू नये, असा त्यामागील संकेत सांगतात. अखेरीस 'कोट विदाई'च्या प्रसंगी तेच राजे किल्ल्यात राम-सीतेचे पाय धुऊन त्यांना भोजन देतात.

टिकून राहण्याचा प्रश्न

बनारस संस्थान १९४९ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशात विलीन झाले आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. तरीही लीला चालू राहिली. २००० मध्ये विभूतिनारायण सिंह यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र अनंतनारायण सिंह यांनी ही जबाबदारी स्वीकारली. कोरोनाच्या साथीमुळे मात्र २०२० आणि २०२१ मध्ये लीला झाली नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

असा खंड येथे अधिक जाणवतो. राम, सीता, लक्ष्मण, भरत आणि शत्रुघ्न ही पाच 'स्वरूपे' साकारणारी मुले आवाज फुटण्याच्या वयाआधीची असावी लागतात. त्यामुळे थोड्या वर्षांतच नवी मुले निवडावी लागतात आणि व्यासांना त्यांच्याकडून संवाद प्रारंभापासून पाठ करून घ्यावे लागतात. स्थळे आणि पोथी जपून ठेवता येतात. शिकवण्याचा क्रम मात्र दरवर्षी नव्याने चालवावा लागतो. ईश्वरीप्रसाद यांनी मागे ठेवलेला वारसा या क्रमावरच उभा आहे.