मोजला गेलेला जिल्हा

२००५ साली मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे अभ्यासक वर्धा, यवतमाळ आणि वाशीम या तीन जिल्ह्यांतल्या घराघरांत बसून प्रश्न विचारत होते. श्रीजित मिश्रा यांच्या त्या पाहणीत आत्महत्या झालेली १११ कुटुंबे होती. तुलनेसाठी, शेतीच करणारी पण ती वेळ न आलेली आणखी १०६ कुटुंबे होती. या दुसऱ्या यादीतच संशोधनाची खरी हुशारी होती. कर्ज सगळ्यांनाच असते, पाऊस सगळ्यांचाच चुकतो. मग एक कास्तकार जातो आणि त्याच्या धुऱ्याला धुरा असलेला दुसरा तगतो, हे कसे? केवळ गेलेल्याच्या ओसरीवर बसून याचे उत्तर मिळत नाही. मिश्रांना मिळालेले उत्तर एका कारणाचे नव्हते. गेलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के कर्जात होते, पण त्या कर्जाला नापिकी, गावातली ढासळलेली पत, घरातले आजारपण, अंगावर आलेले लग्न असे काही ना काही चिकटलेले होते. राज्यातल्या पुरुष शेतकऱ्यांमधले आत्महत्येचे प्रमाण १९९५ मध्ये लाखामागे १५ होते, ते २००४ मध्ये ५७ झाल्याचेही त्याच अहवालाने दाखवले.

त्याआधी मार्च २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने याच विषयावरचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयाला दिला होता. पाठोपाठ नियोजन आयोगाचे सत्यशोधन पथक आले, पत्रकार आले. पी. साईनाथ यांच्या लेखांमुळे पश्चिम विदर्भाचे नाव देशाबाहेर गेले. जून २००६ च्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत वाशीम होता. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम बारा लाख वस्तीचा जिल्हा. जन्मून आठ वर्षे होत नाहीत तोच तो जगाच्या प्रश्नांच्या यादीत जाऊन बसला.

या लेखापुरता जगाच्या प्रश्नांचा शोध मी वाशीमच्या हद्दीतच घेणार आहे. कर्ज, कोरडवाहू शेती, हवामान, स्थलांतर, स्त्रियांचे जमिनीवरचे हक्क हे विषय संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांत आहेत आणि मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यातही आहेत. त्यांवर काम करणाऱ्या संस्थाही रोम, वॉशिंग्टन, दिल्ली, मुंबई अशा चोहीकडून इथवर आल्या. त्या काय मोजतात आणि मोजलेले कोणाजवळ राहते, एवढाच माझा प्रश्न आहे.

आत्महत्यांचीच मोजणी घ्या. ती दोन दारांतून होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलिसांच्या कागदांवरून देशाची संख्या देतो. शेतकऱ्यांची वेगळी नोंद तो १९९५ पासून करतो. २०१४ पासून त्याने शेतमजुरांचा रकाना निराळा काढला, त्यामुळे आधीची आणि नंतरची आकडेवारी सरळ शेजारी ठेवता येत नाही. दुसरे दार महसूल खात्याचे. अमरावतीचे विभागीय आयुक्त कार्यालय २००१ पासून जिल्हावार नोंद ठेवते आणि प्रत्येक मृत्यूपुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. पात्र म्हणजे सरकारी मदतीला पात्र. जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा दाखवता यायला हवा. सवाई-दीडीने धान्य वा पैसा देणाऱ्याचा कागद नसतो. ठोक्याने वावर करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. बाप जिवंत असलेल्या मुलाचे नसते आणि बायकोचे तर बहुतेकदा नसतेच. म्हणजे ज्यांची स्थिती सर्वांत कच्ची, तेच यादीतून आधी गळतात. पात्र ठरलेल्या घरालाही २००६ च्या शासन निर्णयाने मिळायचे ते एक लाख: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत.

थोडे विषयांतर करतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या उत्तरकाळाशी ज्याचे नाव जोडले जाते तो हरिषेण याच शाखेचा. इथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट, काही संस्कृतात आणि काही प्राकृतात, एका गावाच्या दानाचा आहे. दान कोणाला मिळाले आणि त्या गावाला कशाकशातून सूट, हे त्यात नोंदलेले आहे. या मातीतला हा जुना सरकारी कागदसुद्धा पात्र व्यक्तींची यादीच आहे.

आता बाजाराकडे येऊ. अभ्यासकांच्या अहवालांत ‘जागतिकीकरण’ हा मोघम शब्द असतो. वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजार समितीत त्याला भाव असतो. कापूस आणि ज्वारी मागे सरून गेल्या दोन-तीन दशकांत या जिल्ह्यात सोयाबीन पसरले. सोयाबीनच्या दाण्यात तेल साधारण १८ टक्केच. बाकीची पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि निर्यातीला जाते. त्यामुळे भाव ठरतो तो ब्राझील-अमेरिकेच्या पिकावर, पामतेलाच्या आयातीवर आणि दिल्लीतल्या एखाद्या अधिसूचनेवर. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला क्विंटलचा भाव दहा हजारांच्या घरात गेला होता. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, आणि नवा माल बाजारात येईतो भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सोयाबीनचे वायदेही थांबवले. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले, तरी त्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव बाजारात मिळाला नाही. मे २०२५ च्या अखेरीस शुल्क पुन्हा उतरवले. या चढउतारावर काम करणारी स्वयंसेवी संस्था मला वाशीममध्ये दिसत नाही. बंधारा बांधायला देणगी मिळते, आयात शुल्कावर नजर ठेवायला मिळत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हा प्रश्न भाषणातून कास्तकारापर्यंत नेला होता. ती चळवळ विस्कटल्यावर ती जागा रिकामीच राहिली आहे. काही शेतकरी आपल्यापुरता मार्ग काढतात; चियाची लागवड हा त्यातलाच एक. त्या पिकाचा भावही शेवटी दूरच्या ग्राहकाच्या हातात आहे.

२००६ च्या पॅकेजनंतर योजनांची आणि संस्थांची रीघ लागली. केंद्राच्या पॅकेजमधला मोठा वाटा सिंचनाचा होता, आणि सिंचनाचा अनुशेष हा तर १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासूनचा घोळ. संकरित गायीही वाटल्या गेल्या. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात चारा-पाणी मागणारी गाय बांधून त्याचे कर्ज कसे फिटणार होते, हे मला आजतागायत समजलेले नाही. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरच्या आतल्यांना होती. कोरडवाहू वऱ्हाडात पाच एकरांच्या वर जमीन असूनही हातावर पोट असलेले पुष्कळ, त्यांना तिचा उपयोग तुटपुंजा झाला.

नंतर रोममधल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जातून याच सहा जिल्ह्यांसाठी समन्वयित कृषी विकास प्रकल्प आला, त्याच्या जोडीला टाटा ट्रस्टची साथ होती. त्याच निधीच्या पाठबळाने महिला आर्थिक विकास महामंडळाचा तेजस्विनी कार्यक्रम २००७ पासून राज्यभर चालला आणि वाशीममध्येही बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत सुरू झाला. त्यातही वाशीम आहे. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत कारंजा तालुक्याने उन्हाळ्यात श्रमदानाची फावडी उचलली. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांच्या ‘नाम’ने २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या विधवांना १५ हजारांचे धनादेश दिले.

या सगळ्यांत मला टिकाऊ वाटते ते साधन केंद्राचे काम, आणि त्याचे कारण साधे आहे. गटाची वही गटातच राहते. कोणी किती भरले, कोणी किती उचलले, कोणाचा हप्ता चुकला, हे आठ-दहा बायांना तोंडपाठ असते. तेजस्विनी २०१८ मध्ये संपला, साहेब बदलले, तरी वही राहिली. पाणलोटाच्या कामात हे दर वेळी जमले नाही. जलयुक्त शिवार योजनेवर राज्याने ९,६३३ कोटी खर्च केले आणि महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालासाठी तपासलेल्या सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांपैकी ८३ गावांत साठवलेले पाणी पुरेसे नव्हते. त्या सहांत वाशीम नव्हता. पण जेवढे पाणी अडले त्याचा ताळा गावाने मांडला नाही तर ते कोणाच्या बोअरमध्ये गेले हे कळत नाही, हे वऱ्हाडात सांगायला लेखापरीक्षक लागत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाने वाशीमला ‘आकांक्षित जिल्हा’ म्हटले. राज्यातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशीम. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी, वित्त-कौशल्य, पायाभूत सुविधा असे पाच विभाग, ४९ निर्देशांक, दर महिन्याला क्रमवारी. अशा मोजणीचे फायदे आहेत. गरोदर बाईची नोंद वेळेवर झाली का, यावर जिल्हाधिकाऱ्यांची बैठक होऊ लागली, हे कमी नाही. पण निर्देशांकांच्या यादीत किती मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या हे आहे. किती विधवांची नावे सातबाऱ्यावर चढली हे नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी तहसीलदाराला कोणी जाब विचारत नाही.

एखाद्या संस्थेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? पुस्तिका आणि फोटो बाजूला ठेवून पैशापासून. न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे दाखल होतात, ते मागता येतात. सरकारी पैसा असेल तर २००५ चा माहिती अधिकार आहे. रोजगार हमीच्या कामाचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेपुढे व्हायला हवे. परदेशी देणगीचे हिशेब मात्र जुलै २०२२ मध्ये केंद्रीय गृहखात्याने संकेतस्थळावरून बरेचसे काढून टाकले. त्याआधी सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसरीला देण्यावर बंदी आली. त्याचा फटका तालुक्याच्या पातळीवरच्या संस्थांना बसला. इंग्रजीत प्रस्ताव लिहू न शकणाऱ्या अशा संस्था पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फतच पैसा मिळवत. उरला कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. २०१३ च्या कायद्याने तो आला, पण त्याच कायद्याने कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले. जिथे कारखाने तिथे निधी. वाशीममध्ये कारखाने किती, हे वाचकांना ठाऊक आहे.

मोजणी गावात राहिली तर काय होते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत गावागावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवायला सुरुवात केली. त्या नोंदीवरून बाळे कशाने दगावतात ते कळले, आणि गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली गेली. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला आणि २०११ पासून देशभरच्या आशा ताई त्याच पद्धतीने घरी भेटी देऊ लागल्या. वाशीमच्या आशा ताईच्या हातातला नवजात बाळाचा तक्ता मुळात गडचिरोलीच्या गावांतून आलेला आहे.

वाशीमच्या आत्महत्याग्रस्त घरांच्या बाबतीत असे कोणी केले का? महिला किसान अधिकार मंचाने, ज्याला सगळे ‘मकाम’ म्हणतात, २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांतल्या ५०५ विधवांशी बोलून पाहणी केली. मिश्रांनी नवरा का गेला हे विचारले होते. मकामने बायकोचे पुढे काय झाले ते विचारले. २०१२ ते २०१८ या काळात नवरा गमावलेल्या या बायांपैकी ४० टक्क्यांना कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावर तो मिळालेल्या होत्या फक्त ३५ टक्के. दीर, सासरा, तलाठ्याकडचा अडकलेला फेरफार, वारसनोंदीसाठीच्या चकरा, ही कारणे कोणत्याही तालुक्याच्या गावी ऐकू येतात. शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन जमीन बायकोच्या नावावर करायला पुरुषांना सांगितले होते आणि १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाची योजना काढली. म्हणजे उपाय ठाऊक होता. मकामच्या पाठपुराव्यानंतर जून २०१९ मध्ये आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या महिलांच्या वारसनोंदी आणि योजनांच्या लाभाबद्दल शासन निर्णय निघाला. अमरावतीच्या आयुक्त कार्यालयात नवऱ्यांची नोंद सुरू होऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.