चंद्रपूरच्या उन्हात एसी घेताय? थ्री स्टार की फाइव्ह स्टार, आधी हे गणित करा

चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणं नवीन नाही. कूलर पुरेनासा झाला की अनेक जण एसीच्या दुकानात जातात. पण दीड टनाच्याच दोन स्प्लिट एसींच्या किमतीत हजारोंचा फरक का असतो?

कॉम्प्रेसर : साधा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो, खोली थंड झाली की बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो, म्हणून वीज वाचते. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. लाइट गेली की तोही बंद.

स्टार : लेबलवरचे वार्षिक युनिट 1,600 तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा, थ्री आणि फाइव्ह स्टारमध्ये 250 युनिटचा फरक आहे. तुम्ही चार महिने रोज 8 तास, म्हणजे 960 तास एसी लावलात, तर वाचतील सुमारे 150 युनिट. 10 रुपये दर धरला तर वर्षाला 1,500 रुपये. किमतीतला फरक 8,000 असेल, तर तो भरून निघायला पाच वर्षांहून जास्त लागतील. दिवसरात्र वापर असेल तर बराच लवकर निघेल.

तापमान : एसीची क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजतात. 45 अंशांत तोच एसी कमी थंडावा देतो. त्यामुळे तो किती अंशांपर्यंत चालतो, हे दुकानात विचाराच. गडचिरोलीतल्या गावात व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, तर स्टॅबिलायझरचा खर्चही हिशोबात धरा.