नदीत उतरलेला बाजार

उतारावर थांबून खाली बघितलं की आधी दिसतो तो पाळणा. निळे-हिरवे दिवे लावलेलं चाक नदीच्या मधोमध फिरतंय आणि त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांच्या रांगा लागल्यात. मागून ढोलांचा आवाज येतोय, पुढून जनरेटरचा. आत्या माझ्या दंडाला धरून एकेक पाऊल टाकते. "औंदा मुरूम टाकलाय पंचायतीनं," ती म्हणते, "मागल्या साली नुसतं गोटं हुतं. दोन म्हाताऱ्या पडल्या."

आज चैत्र वद्य अष्टमी, भैरवनाथाची जत्रा. आत्याचं हे सासर पौडच्या अलीकडे, मुळेच्या काठावर. तिची वस्ती नदीपल्याड, त्यामुळे नातवानं आम्हाला पुलावरून वळसा घालून गाडीनं आणून सोडलंय. चांदणी चौक सोडल्यापासून भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट, कासारआंबोली असं करत मला इथं यायला पावणेदोन तास लागले आणि तेवढ्या वेळात निदान चाळीस पाट्या वाचून झाल्या. एनए प्लॉट. रिव्हर व्ह्यू. रिव्हर टच. नदीकाठी राहायला, नदीकाठी जेवायला, नदीकाठी नुसता चहा प्यायला पुण्याची माणसं आता मागेल तो भाव देतात. गावाची जत्रा मात्र काठावर नाही, थेट नदीतच भरते. असं का, म्हणून नातवाला विचारलं तर तो गाडी बंद करता करता म्हणाला, "सपाट जागा तेवढीच राहिली ना, जिला सातबारा नाही."

पूर्वी जत्रा देवळामागच्या माळावर भरायची. मी लहानपणी तिथल्याच पाळण्यात ओकले होते. माळ विकला गेला. आता तिथं तारेचं कुंपण, फाटक, फाटकावर राखणदार आणि आत ओळीनं लावलेले पाम. पैसे आले, पैशांच्या गाड्या आल्या, काहींच्या गाड्याही गेल्या. 2018 साली 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा आला तेव्हा नातू तो तीनदा बघून आला आणि तिन्ही वेळा घरी येऊन गप्प बसला, असं आत्या सांगते. मग आखाडा, तमाशाचा तंबू, दुकानं, सगळंच पन्नास पावलं घसरून नदीत आलं.

नदीत म्हणजे पाण्यात नव्हे. उन्हाळ्यात मुळा इथं पलीकडच्या काठाला चिकटून, ओहोळाएवढी वाहते. उरलेल्या पात्रात गोटे आणि वाळू. वर मुळशीच्या धरणातलं पाणी 1927 पासून डोंगर ओलांडून पश्चिमेला, भिऱ्याच्या वीजघरात पडतं. वीज मुंबईला गेली. पाणी कुंडलिकेत गेलं, आणि तिथं कोलाडला हल्ली शहरातली माणसं डोक्यावर टोप घालून रबरी होड्यांतून आरडाओरडा करत त्याच्यावरून जातात. आत्याची आजेसासू धरणात बुडालेल्या बावन्न गावांपैकी एका गावची. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, माणसांनी मार खाल्ला आणि शेवटी धरण झालंच. ही आजेसासू म्हणे पुढं कितीतरी वर्षं, घरात वीज आल्यावरसुद्धा, दिव्याचं बटण स्वतः दाबायची नाही. आमच्या घरावरनं ती लाईट गेलीय, मी नाही हात लावणार, म्हणायची.

आजचा उजेड मात्र डिझेलचा आहे. चार जनरेटर धडधडतायत.

तोंडाशीच खेळणी: पिपाण्या, दिवे लागणारे चेंडू, बंदुकीनं फोडायचे फुगे. पुढं एक मुलगा दंडावर 'आई' गोंदवून घेतोय. गोंदणारा बाई-बाप्यांची नावं विचारत फिरणाऱ्या जुन्या गोंदणाऱ्यांसारखा नाही. त्याच्याकडे बॅटरीवरचं यंत्र आहे आणि नमुन्यांची वही आहे, तीत शिवाजी महाराजांपासून विंचवापर्यंत सगळं आहे. आत्या यातल्या कशाकडेच मान वळवत नाही. तिला समोर पावसाळा दिसतोय. ताम्हिणीकडून आलेला पाऊस एकदा लागला की इकडं महिना महिना उघडीप देत नाही. भाताची लावणी तेव्हाच. बाजार करायला उसंत कुणाला? म्हणून जत्रेतच बेगमी करून ठेवायची, ही इथली जुनी रीत. मिरची, खुरपं, विळ्याला नवी मूठ, खाचरात उभं राहताना घालायला प्लॅस्टिकची खोळ. पूर्वी घोंगडीची खोळ आणि डोक्यावर बांबूचं इरलं असायचं. इरलं मी गेल्या महिन्यात बघितलं ते एका रिसॉर्टच्या जेवणघरात. उलटं टांगून आत दिवा लावला होता.

आत्या थांबते ती थेट सुकटीपाशी. घाट चढून माणगावच्या अंगानं आलेली एक बाई आडवं पोतं पसरून बसलीय. पोत्यावर सुकट, बोंबील, वाकट्या, आणि एका डब्यात झाकून ठेवलेले सोडे. सोडे झाकलेलेच बरे, भाव ऐकून माणूस पुढं सरकतो.

"कशी दिली सुकट?"

"चारशे किलो, मावशी. खडखडीत वाळलीय."

आत्या चिमूटभर उचलते, बोटांत चुरते, वास घेते. मग एक दाणा पुढच्या दातांनी तोडते आणि डोळे बारीक करून बाजूला बघत राहते. आज देवाचा नैवेद्य, घरात पुरणपोळी, वशाट उद्या. पण परीक्षा केल्याशिवाय सुकट घ्यायची नाही आणि भैरोबालाही हे ठाऊक असणार.

"वाळू लागती दाताला."

"समुद्रातली हाय, मावशी. वाळू न्हाय लागणार तर काय साखर?"

दोघी हसतात. साडेतीनशेवर सौदा होतो. तराजूचं पारडं टेकल्यावर वर एक मूठ पडते, ती आत्या परत काढू देत नाही.

खरी गंमत पैसे देताना होते. आमच्याबरोबर आलेली आत्याची नात हिंजवडीत कंप्युटरवर काम करते. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते हे तिच्या कंपनीत कुणाला ठाऊक नाही म्हणे. आठ दिवसांपूर्वी हनुमान जयंतीला तिथं म्हातोबाचं बगाड निघालं, त्या दिवशी तिनं घरून काम केलं आणि मीटिंगमध्ये कारण सांगताना 'लोकल फेस्टिव्हल' म्हणाली. तर ती फोन पुढं करते. बाईच्या पाटीला चौकोनी ठिपक्यांचं कार्ड दोरीनं बांधलेलं आहे, शेजारी पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबाही आहे. डबा गप्प. नदीच्या खळग्यात मुळात रेंज बेताची, त्यात आज चार गावची माणसं एकाच टॉवरला लटकलेली. फोनवरचं चक्र फिरतंय, वरचा पाळणाही फिरतोय. आजूबाजूला बघितलं तर भेळवाल्यापाशी, खोळवाल्यापाशी, सगळीकडे माणसं हात उंच धरून उभी आहेत, आरती चालू असल्यासारखी. आत्या शांतपणे कमरेची कापडी पिशवी सोडते, थुंकी लावून नोटा मोजते आणि मोठ्यानं म्हणते, "भेळंचं पण हिचं मीच दिलं मगाशी. चाळीस रुपय. लाखाची नोकरी हाय पोरीला!"

नातीचा सूड लगेच पुढच्या दुकानात उगवतो. तिला बांगड्या हव्यात, आणि आत्याला त्या हिरव्याच हव्यात.

कासारीण पोत्यावर मांडी घालून बसलीय. तिच्या दोन्ही बाजूंना बांगड्यांचे दोर, वर एकच दिवा, त्याच्या उजेडात काच नुसती ओली दिसते. नातीचा हात हातात घेऊन ती माप विचारत नाही, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघते आणि म्हणते, "दोन-चार. हात सैल सोड." नात हात सैल सोडते म्हणजे अजूनच ताठ करते. "माउसवाला हात दिसतोय," कासारीण म्हणते, आणि आम्ही सगळ्या तिच्याकडे बघतच राहतो. मग ती नातीचा पंजा आपल्या दोन्ही हातांत मळल्यासारखा मळते, अंगठा तळव्यात दुमडते, चारी बोटं एकावर एक आणते. हाताची कणीस मिटावं तशी निमुळती गुंडी होते आणि बांगडी हाडावर क्षणभर अडून सर्रकन् मनगटावर उतरते. दुसरी. तिसरी. चौथीला कट् असा बारीक आवाज होतो. "वाढवली," कासारीण आणि आत्या एकदमच म्हणतात. फुटली म्हणायचं नसतं. हातावर बारीक लाल रेघ उमटते, कासारीण तिच्यावर थुंकीचं बोट फिरवते. नात काही बोलत नाही. डझनभर भरून झाल्यावर ती खाली वाकून कासारणीच्या पाया पडते, हे तिला कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. आत्यानं मान दुसरीकडे फिरवलीय आणि ती उगाचच पलीकडच्या कढईकडे बघतेय.

त्या कढईत जिलबी पडतेय. भोकाच्या फडक्यातून पीठ गोल फिरतं, तुपाचा वास नाही, डालडाचा आहे, पण गरम असताना हरकत नाही. आम्ही तिघी द्रोणातून खातो, पाक कोपरापर्यंत जातो.

छबिना येतो तेव्हा मात्र सगळा बाजार एकदम थांबतो. पालखी नदीत उतरतेय. पुढं ढोल, लेझीम, गुलाल. भेळवाला चमचा खाली ठेवतो, पाळणेवाला चाक थांबवतो, त्यात वरच्या टोकाला अडकलेली दोन पोरं तिथूनच हात जोडतात. मुळशीच्या ढोलाला पुण्यात गणपतीत मोठी मागणी असते. पण तिथं तो दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून परत येतो. इथं आवाज डोंगरापर्यंत जातो आणि तिकडून थोडा उशिरानं एक दुसरा ढोल उत्तर देतो.

तमाशाचा तंबू पात्राच्या वरच्या अंगाला आहे. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जाऊन सुपारी देऊन येतात; तसे आमचेही गेले होते. घासाघीस झाली, वर्गणीची वही भरली, एका फार्महाऊसवाल्यानं मोठी रक्कम दिली म्हणून फलकावर त्याचं नाव देवाच्या खालोखाल आहे. गण झाला, गौळण झाली. मावशीचं काम करणारा गडी इतका तयार की कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला तरी हशा. मग रंगबाजी सुरू झाली, म्हणजे सिनेमाची गाणी, धूर, लुकलुकते दिवे आणि पुढच्या पोरांच्या शिट्ट्या. अर्धा-पाऊण तास तेच चाललंय. मला कंटाळा आलाय आणि मी तो लपवत नाही.

आत्या मात्र मागं एका मोठ्या गोट्यावर, सुकटीची पिशवी मांडीत घेऊन, डोळे मिटून बसलीय. झोप आली का, मी विचारते.

"न्हाय गं. मी वगाची वाट बघतीय."

"मग डोळे?"

"सवय. आमच्या वक्ताला बायका तमाशाला यायच्या व्हय? परड्यात बसून ऐकायचो. माळावरनं सगळं ऐकू यायचं. राजा कोण, परधान कोण, आवाजावरनं वळखायचो. तोंडं कधी बघितलीच न्हाईत."

दहा वाजून गेलेत. काठावर पोलिसांची जीप येऊन थांबते. रात्री दहानंतर भोंगे बंद, हा कायदा जत्रेलाही आहे. गावचे चारजण वर जातात, हातवारे होतात, एकजण खाली येऊन मान हलवतो. रंगबाजी मधेच तुटते. पोरं ओरडतात, मग उठून पाळण्याकडे जातात. निम्मा तंबू मोकळा होतो. म्हणजे संपलं असं मला वाटतं. पण पडद्यामागून राजाच्या वेशातला एक साठीचा माणूस पुढं येतो, मेलेल्या मायकाला हातानं बाजूला सारतो आणि फळीच्या पार टोकाला येऊन उभा राहतो. "मंडळी, जवळ या," एवढंच म्हणतो.

राहिलेली माणसं सरकतात. पोती ओढत बायका पुढं येतात. कुणीतरी जाऊन जवळचा जनरेटर बंद करवतो. दोन दिव्यांत वग सुरू होतो. राजाचा आवाज तापलेल्या लोखंडासारखा, खरखरीत, पण एकेक शब्द मागच्या गोट्यापर्यंत पोचतोय. ढोलकी नुसत्या बोटांनी वाजतेय. आत्यानं डोळे उघडलेत. ती राजाच्या तोंडाकडे टक लावून बघतेय, ओठ थोडे हलतायत, आणि दोनदा तर पुढचा शब्द तिच्या तोंडून त्याच्या आधी येतो.

वग मोडतो तेव्हा बारा वाजून गेलेत. अष्टमीचा अर्धा चंद्र आत्ता कुठं डोंगराच्या वर येतोय. दुकानं आवरली जातायत. सुकटवाली पोत्याची चारी टोकं एकत्र गाठवून त्याच्यावरच बसलीय, टेम्पोची वाट बघत. पुलाकडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नाही, नातवाचा पत्ता नाही, फोन अजून मुका.

"चल, नदीतनं जाऊ," आत्या म्हणते.

पलीकडच्या काठाशी ओहोळ आहे. नात आणि मी चपला हातात घेतो. पाणी थंड, घोट्याच्याही खाली. आत्या काठावर थांबते, लुगड्याचा ओचा गुडघ्यापर्यंत वर खोचते, सुकटीची पिशवी डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि पायानं तळ चाचपत, धार अंगावर येत असल्यासारखी किंचित वरच्या बाजूला झुकून, एकेक पाऊल टाकते. सहा पावलांत नदी संपते.

"आजी, पाणी कुठंय एवढं?" नात हसते.

"गप," आत्या म्हणते. पिशवी ती उतरवते ती वस्तीच्या पहिल्या घरापाशी आल्यावर.