एक किल्ली, अनेक कुलपे

परीक्षेच्या दालनात प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वीची पाच मिनिटे आठवून पाहावीत. छाती धडधडते, हात गार पडतात, बोटे किंचित थरथरतात. ‘भीतीने असे होते’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण भीती काही स्वतः हृदयापर्यंत चालत जात नाही. तिचा निरोप पोचविणारा निरोप्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात उतरतो. त्याचे नाव अ‍ॅड्रेनॅलिन. या ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो, हे ऑलिव्हर आणि शेफर यांनी इंग्लंडमध्ये १८९४-९५ च्या सुमारास दाखविले. पुढे १९०१ साली जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे जाहीर केले.

द्रव्य हाती आले, पण कोडे सुटले नाही. हेच अ‍ॅड्रेनॅलिन त्वचेतील रक्तवाहिन्या आवळते आणि श्वासनलिका मात्र सैल करते. एकच द्रव्य एका ठिकाणी ताण देते आणि दुसऱ्या ठिकाणी ढील, हे कसे? शरीरात अशी दोन निरनिराळी द्रव्ये तयार होत असावीत, असे बऱ्याच पंडितांनी मानले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात काम करणाऱ्या रेमंड आल्क्विस्ट यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याच्या भाईबंद द्रव्यांचा प्रभाव त्यांनी एकेका अवयवावर तोलला, तेव्हा प्रभावाचे दोनच क्रम पुन्हा पुन्हा दिसू लागले. अर्थात फरक किल्लीत नव्हता, कुलपात होता. पेशींवरील या कुलपांना, म्हणजे ग्राहींना, त्यांनी ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ अशी नावे दिली. हा लेख एका नियतकालिकाने परत पाठविला होता. १९४८ साली तो दुसरीकडे छापून आला, तरी पुढची दहा वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. (आपल्या अंकासाठी दिलेली कविता साभार परत आलेल्यांनी यातून हवा तेवढा दिलासा घ्यावा.)

कुलपाची उपमा सोयीची आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. या कुलपातून किल्ली आत जात नाही. ती बाहेर बसते, ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि पेशीच्या आत दुसराच निरोप्या कामाला लागतो. बीटा ग्राहींच्या बाबतीत तो म्हणजे सायक्लिक एएमपी. त्याच्या शोधासाठी सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तर ग्राहींची घडण उलगडणाऱ्या लेफ्कोवित्झ आणि कोबिल्का यांना २०१२ साली. आतला निरोप तोच असला तरी तो ऐकून हृदयाचा स्नायू जोमाने आकुंचन पावतो आणि श्वासनलिकेचा स्नायू सैलावतो. ज्याचा त्याचा स्वभाव!

ग्राहीवर बसून कुलूप उघडणाऱ्या औषधांना उत्तेजक म्हणावे आणि नुसते बसून जागा अडविणाऱ्यांना रोधक. उत्तेजकांच्या कथेतला सर्वांत बोधक भाग दम्याचा आहे. आयसोप्रिनॅलिन हे औषध सगळ्याच बीटा ग्राहींवर बसे. दम मोकळा होई, पण हृदयही बेफाम धावे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये दम्याच्या रुग्णांचे मृत्यू वाढले, तेव्हा या औषधाच्या तीव्र फवाऱ्यांवर अनेकांनी बोट ठेवले. बीटा ग्राहीही दोन प्रकारचे आहेत, हृदयात मुख्यतः पहिला आणि श्वासनलिकांत दुसरा, हे १९६७ साली स्पष्ट झाले. मग मुख्यतः दुसऱ्याच कुलपाला लागणारे साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये बाजारात आले. ‘मुख्यतः’ हा शब्द महत्त्वाचा. मात्रा वाढली की हृदय धडधडतेच, आणि दुसऱ्या प्रकारचे ग्राही हातांच्या स्नायूंतही असल्यामुळे बोटे थरथरतात.

आपल्याकडे ‘पंपाची सवय लागते’ म्हणून घरची मंडळी मुलाला गोळीच देत राहतात. हिशेब करून पाहावा : पंपाच्या एका फवाऱ्यात शंभर मायक्रोग्रॅम औषध असते, गोळीत दोन किंवा चार मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट, आणि तेही सर्वांगात फिरून मग फुफ्फुसात पोचणारे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. हे औषध स्नायू सैल करते, नळीची आतली सूज उतरवीत नाही. म्हणून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, सूज उतरविणारे औषधही श्वासावाटे घ्यावे, असा सल्ला जागतिक दमा मार्गदर्शिकेने २०१९ पासून दिला आहे.

नाक मोकळे करणारे थेंब अल्फा ग्राहींवर काम करतात. आठवडाभराहून अधिक काळ घातले तर नाक उलट अधिकच चोंदते. दाढ काढताना बधिर करण्याच्या इंजेक्शनात अ‍ॅड्रेनॅलिन मिसळतात, ते रक्तवाहिन्या आवळून औषध जागेवर धरून ठेवावे म्हणून.

सर्व कुलपांना लागणारी मूळची किल्ली मात्र एका प्रसंगी अजोड ठरते. मधमाशीच्या दंशाने किंवा एखाद्या औषधाने तीव्र अ‍ॅलर्जी उसळली की रक्तवाहिन्या ढिल्या पडतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन (ही प्रौढांची मात्रा) रक्तवाहिन्या आवळते, हृदयाला बळ देते आणि श्वासनलिका उघडते. खाजेवरची गोळी यातले काहीही करीत नाही. तिच्या भरवशावर वेळ दवडणे जिवावर बेतते.

याची नेमकी उलटी बाजू कोकणाने पाहिली आहे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना सतत चेतवत ठेवते आणि शरीराचेच अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रक्तात ओतले जाते. अल्फा ग्राही जखडतात, हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब चढतो, थकलेल्या हृदयामुळे फुफ्फुसात पाणी साचते. अशी कितीतरी लहान मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांना प्राझोसिन हे अल्फा ग्राही अडविणारे, रक्तदाबावरचे साधे औषध देऊन पाहिले; १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. प्राझोसिनपूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास दगावत. नंतर हा आकडा एक-दोनवर आला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लसही दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दाखविले.