दुरुस्तीला उसंत हवी

चुना लावून मळलेली तंबाखू गालात ठेवली की त्यातील नायट्रोसअमाइन लाळेत उतरतात; विडी-सिगारेटच्या धुरातून बेंझोपायरीन फुप्फुसात जाते. ही द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी शरीर त्यांचे रूप बदलते, पण बदललेली काही रूपेच डीएनएला चिकटतात. पेशीतील विकरे तो बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि समोरच्या धाग्याबरहुकूम नवा भरतात. ही पद्धत उलगडणाऱ्या अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. मात्र दुरुस्तीआधीच पेशी विभागली, तर चूक कायमची होते. पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या टीपी-५३ जनुकात ती झाली, तर कर्करोगाची वाट सोपी होते. झालेली चूक पुसता येत नाही. पण तंबाखू सुटली की नवी भर थांबते आणि धोका हळूहळू घटतो.