डोळ्याच्या पडद्याची सूज : चष्म्याने न सुटणारा प्रश्न

घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘अक्षरं पुसट दिसतात’ म्हटले की आपण पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानाचा रस्ता धरतो. नंबर बदलतो, नवा चष्मा येतो, तरी कुरआन शरीफमधली ओळ मध्येच वाकडी दिसते, दाराची सरळ चौकट लाटेसारखी वाटते. मग मोतीबिंदू असेल, पिकू द्या, असे म्हणून दिवस काढले जातात. ज्या घरात शुगर किंवा बीपीचा रुग्ण आहे त्या घराने असे दिवस काढू नयेत, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या मधोमध सुमारे 5 मिलिमीटर रुंदीचा पीतबिंदू. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे त्याचीच. पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती निरोगी डोळ्यात इतक्या घट्ट असतात की रक्तातले पाणी बाहेर झिरपत नाही. भिंत सैल झाली की पाणी, प्रथिने, चरबी बाहेर येतात आणि ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा फुगावा तसा पीतबिंदू फुगतो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. म्हणून तर फसगत होते.

भिंत सैल होते ती मुख्यतः दोन आजारांत. मधुमेहात वर्षानुवर्षे वाढलेली साखर या वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मारते; वाहिन्यांवर सूक्ष्म फुगे येतात आणि ते पाझरतात. दुसरा आजार नीला बंद पडण्याचा. पडद्यात जिथे धमनी नीलेला ओलांडते तिथे दोघींभोवती वेष्टन एकच असते. बीपीने कडक झालेली धमनी नीलेला दाबते, रक्ताची गुठळी होते आणि मागे रक्त तुंबते. माणूस सकाळी उठतो तो एका डोळ्याने धूसर पाहतच. मुख्य नीलाच बंद पडली तर पुढे काही महिन्यांत डोळ्याचा दाब भयंकर वाढू शकतो. त्याला ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ असे नाव पडले आहे. तेव्हा ‘एक डोळा चालतोय ना’ हे समाधान खोटे.

दोन्ही आजारांत पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो आणि तो व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडू लागतो. हे प्रथिन वाहिन्या आणखी सैल करते. आजच्या उपचाराचा रोख त्याच्यावरच आहे.

पूर्वी लेझर हाच आधार होता. 1985 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मधुमेही सुजेत लेझरने दृष्टी खालावण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. मात्र गेलेली नजर क्वचितच परत येई. आता डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण थेंबांनी डोळा बधिर करतात आणि काम काही मिनिटांत होते. औषधे मुख्यतः तीन: बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट. पहिले 2004 मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. डोळ्याला त्याचा अगदी छोटा अंश लागतो, म्हणून ते स्वस्त पडते. मधुमेही सुजेवर तिन्हींची तुलना 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. नजर थोडीच कमी झालेल्यांत तिन्ही सारखीच ठरली. जास्त गेलेल्यांत पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. म्हणून स्वस्त औषधाबद्दल विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. फक्त ते निर्जंतुक रीतीने भाग करून दिलेले आहे ना, हे जरूर विचारावे.

खरी अडचण पुढे आहे. त्या अभ्यासात पहिल्या वर्षी एका डोळ्याला साधारण 9 ते 10 इंजेक्शने लागली. आपल्याकडे एका-दोघांनंतर येणे बंद होते. कुणाला फरक दिसत नाही म्हणून, कुणाला चांगला फरक पडला म्हणून. औषधाचा जोर काही आठवड्यांत ओसरतो, गळती मात्र पुन्हा सुरू होते. आमचे म्हणणे असे की डॉक्टरांना पहिल्याच दिवशी एका इंजेक्शनचा नव्हे, वर्षाचा खर्च विचारावा आणि घरात बसून हिशेब करावा. काहींना काही महिने टिकणारे स्टेरॉइड देतात, पण त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो.

सूज किती उतरली हे ओसीटी या प्रकाशाच्या तपासणीत कळते. त्यात सुई नाही, वेदना नाही. शुगर, बीपी आणि मूत्रपिंड यांच्याकडे दुर्लक्ष केले तर इंजेक्शनही अपुरे पडते. पायोग्लिटाझोन या शुगरच्या गोळीने काहींची सूज वाढते. ती चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे, स्वतः बंद करू नये. अलीकडे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आला असेल तर तेही आधीच सांगावे. प्रौढपणी मधुमेह जडलेल्याने निदान होताच पडदा तपासून घ्यावा आणि पुढे दरवर्षी. नजर स्वच्छ असली तरीही.

इंजेक्शननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस नळाचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये. वुजू कसा करावा हे आलिमांना आधीच विचारून ठेवले की ऐन वेळी घोळ होत नाही. पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसला तर बहुधा घाबरण्यासारखे नसते. तो आपोआप जातो. पण पुढच्या काही दिवसांत डोळा ठणकू लागला, लाली वाढली, नजर कमी झाली, तर रात्र असली तरी त्याच डॉक्टरांना फोन करावा. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तासांचा हिशेब असतो.